एक सुरी कमी

ता. २, रविवार

निघायला दोन दिवस राहिले. सूनबाईने आज सामानाची यादी वाचून दाखवली. तंबू नाही, स्टोव्ह नाही, गादी नाही. मी विचारलं, "मग आहे काय?" ती म्हणाली, "ताडपत्री."

त्या बेटावर कुणी राहत नाही. विहीर नाही, छप्पर नाही, संडास नाही. दर वर्षी ही आणि आमचे चिरंजीव तिथे दहा दिवस राहतात आणि काळेठिक्कर होऊन परत येतात. वर्षभर पगार मिळवून माणसं असं का करतात ते मला कळलेलं नाही. परवानगी दोघांची निघते, दहा महिने आधी काढावी लागते, आणि एकदा निघाली की त्यात बदल होत नाही. यंदा चिरंजीवांना सवड नाही. आठ महिने झाले ते दुसऱ्या शहरात मोठ्या कामावर आहेत. म्हणून त्यांच्या जागी मी. परवान्याप्रमाणे मी पस्तीस वर्षांचा पुरुष आहे.

मी हो का म्हटलं ते इथे खरं लिहून ठेवते. महिनाभर सूनबाई काहीतरी सांगायला माझ्यासमोर येते आणि पाणी पिऊन परत जाते. काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे. चिरंजीवांनी तिला तिकडे राहायला बोलावलं असणार. ती गेली की या तीन खोल्यांत मी एकटी. आमचे हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात माझ्याशी बोलणारं माणूस ही एकच. मला एकटं राहायची भीती वाटते. घरी राहिलो तर ती कधीतरी बोलेलच. बेटावर निदान कामं असतील.

ता. ४, मंगळवार

नावेने अडीच तास लागले. नाववाल्याने परवाना बघितला, मला बघितलं, पुन्हा परवाना बघितला आणि म्हणाला, "बसा, काका."

उतरल्यावर पहिल्यांदा सामान मोजलं. मी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. तिथे पेशंटला उघडण्याआधी सगळं मोजतात आणि शिवण्याआधी पुन्हा मोजतात. एकीने मोठ्याने म्हणायचं, दुसरीने वस्तू उचलून तेच परत म्हणायचं. आकडा जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही, मग समोर सर्जन कितीही मोठा असो. एकदा एका सर्जनला मी चाळीस मिनिटं तिष्ठत ठेवलं होतं. हरवलेला गॉजचा तुकडा त्याच्याच बुटाला चिकटलेला निघाला. पुढे तो माझ्याशी बोलायचा बंद झाला, पण आत येताना बूट बघून यायचा.

इथल्या परवान्यावरही लिहिलंय की आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यायची. वाळूवर चादर पसरून मोजलं. सूनबाई म्हणाली, "सुरी एक." मी सुरी उचलून म्हटलं, "सुरी एक." एकूण वस्तू त्रेचाळीस. नाववाला हात बांधून बघत होता. जाताना तिला हळूच म्हणाला, "चौदा तारखेला येतो. सांभाळून राहा." कुणापासून ते बोलला नाही.

ता. ५, बुधवार

वाहून आलेल्या दोन ओंडक्यांना ताडपत्री बांधली, तेच घर. संडासासाठी झुडपांमागे खड्डा खणला. फावडं शेजारी उभं असेल तर आत कुणी नाही, आडवं असेल तर आहे, असं ठरलं. सूनबाई पाणीखात्यात इंजिनियर आहे, त्यामुळे पाण्याचा कारभार तिच्याकडे. प्रत्येक कॅनवर पेनाने रेघा मारल्यात. माणशी दिवसाला चार लिटर, त्यात पिणं, शिजवणं आणि तोंड धुणं. चूळ भरताना ती माझ्याकडे बघत होती.

चूल पेटायला एक तास लागला. भात वरून कच्चा, खालून करपलेला आणि मधे बरा झाला. मधला तिने मला वाढला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आई, मला तुमच्याशी जरा…" मी म्हटलं, "लाकडं संपत आलीत." ती उठून लाकडं आणायला गेली.

ता. ७, शुक्रवार

सकाळी वाऱ्याने ताडपत्री उडवली. तिने मारलेल्या सगळ्या गाठी सुटल्या, मी मारलेल्या राहिल्या. मी तिला टाक्याची गाठ शिकवली, पहिल्या फेऱ्यात दोनदा वळवून घ्यायची. तिला तीनदा दाखवावी लागली. माझ्या हाताखालच्या पोरींना दहादा लागायची.

तिच्याकडे एक खाकी पाकीट आहे. खडकावर बसून ते उघडते, वाचते, पुन्हा घालून ठेवते. चिरंजीवांचं पत्र असणार. चिरंजीव कधी पत्र लिहीत नाहीत, पण दूर गेल्यावर माणूस बदलतो. आज तिने दोनदा बोलायला सुरुवात केली. लाकडं आता चार दिवस पुरतील.

ता. ८, शनिवार

समुद्रात अंघोळ केली. बासष्टाव्या वर्षी अंगभर साडीनिशी पाण्यात बसले. कुणी बघायला नव्हतं, तरी पदर नीट घेतला. अंगावर मीठ वाळलं आणि सगळं अंग खाजू लागलं. तरी बरं वाटलं, हे मान्य करायला हवं.

गळ टाकून बसलो होतो. मी म्हटलं, "तो असता तर एव्हाना चार मासे धरले असते." ती म्हणाली, "तो असता तर मी आले नसते."

मला वाटतं तिला म्हणायचं होतं की तो असता तर 'तुम्ही' आला नसता, कारण परवाना दोघांचाच. दमली की असं होतं तिचं. बिचारीला आठ महिने नवरा नाही. एकदा आला तोही दोन दिवसांसाठी, आणि पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत कोचावर झोपला. तिकडच्या गाद्या वाईट असणार. मासा एक मिळाला, तोही लहान.

ता. १०, सोमवार

सूनबाईच्या पायाला शिंपला लागला. टाक्याची गरज नव्हती, साफ करून पट्टी बांधली. जरा गरजेपेक्षा मोठीच बांधली. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, त्यामुळे लाकडं आणायला पाठवणं शक्य नव्हतं, आणि हे तिच्याही लक्षात आलं असावं. "आई," ती म्हणाली, "आता तरी ऐका." मी जखमेवर स्पिरिट ओतलं.

नंतर मला स्वतःची लाज वाटली. मी फाटलेली पोटं बघितलीत, जळलेली माणसं बघितलीत, कधी मागे सरले नाही. आणि एक मुलगी एक वाक्य बोलेल म्हणून तिच्या जखमेत स्पिरिट ओतते. ते वाक्य ऐकलं की ती जाणार, एवढंच मला दिसतं. लाकडांचा ढीग माझ्या कमरेला लागलाय.

ता. १३, गुरुवार

उद्या नाव येणार. भांडी घासली, खड्डा बुजवला. मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही झालं नाही. झालं असतं, पण मी होऊ दिलं नाही.

सूनबाईने जादा दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. संध्याकाळी म्हणाली, "आई, उद्या पुन्हा मोजायचं ना?"

"अर्थात."

"आणि नाही जुळलं तर?"

"जुळेपर्यंत निघायचं नाही."

"नाववाला थांबला नाही तर?"

"तर जाईल तो. आपण जायचं नाही."

"बरं," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच एवढं खोलात जाऊन विचारलं. मला बरं वाटलं.

ता. १४, शुक्रवार

आम्ही अजून बेटावरच आहोत.

नाव वेळेवर आली. चादर पसरली, मोजलं, बेचाळीस भरले. पुन्हा मोजलं, बेचाळीसच. सुरी नव्हती. काल संध्याकाळी तिनेच कांदा चिरला होता, तोवर होती. ओहोटी लागत होती. नाववाला म्हणाला की अर्ध्या तासात निघालो नाही तर नाव खडकांत अडकेल. आम्ही वाळू चाळली, चुलीतली राख चाळली, लाकडांचा ढीग हलवला. त्या ढिगातच पंधरा मिनिटं गेली.

"बाई, एका सुरीसाठी?" नाववाला म्हणाला. काकांची बाई झाले होते, म्हणजे तो चिडला होता.

"एका गॉजसाठी माणूस गेलेला बघितलाय मी."

"इथे कोण पोटात ठेवून शिवणार आहे ती?"

मी म्हटलं की हा प्रश्न मला सर्जननेही विचारला होता. त्याने सूनबाईकडे बघितलं. मला वाटलं ती त्याचीच बाजू घेईल, पाणी मोजून देणारी बाई. पण ती खाली मान घालून म्हणाली, "आईंचं मोजणं जुळत नाही तर नाही."

आता तो सतरा तारखेला येईल, मधे त्याच्या मालाच्या फेऱ्या आहेत. स्वतःजवळचा पाण्याचा कॅन देऊन गेला. तो भला माणूस आहे. सूनबाईने लगेच कॅनवर रेघा मारल्या. माणशी तीन लिटर.

ता. १५, शनिवार

सुरी सापडली.

सकाळी सूनबाई मासे धरायला गेली तेव्हा मी पुन्हा शोधायला लागले. थिएटरमधल्या सवयीने आधी बूट बघितले. तिच्या उजव्या बुटात, पार टोकाला, मोज्यात गुंडाळलेली सुरी होती. मोज्यावर दोरा बांधला होता आणि त्याला गाठ मारली होती. ती टाक्याची गाठ होती, पहिल्या फेऱ्यात दोनदा वळवलेली.

मी बूट मांडीवर घेऊन बसले. सुरी आपण होऊन अशी गाठ मारून घेत नाही. म्हणजे तिनेच लपवली, नाव जावी म्हणून. म्हणजे तिला परत जायचं नव्हतं. घरी गेल्यावर चिरंजीवांकडे जावं लागणार, आणि तिला ते नकोय. तिला माझ्यापाशीच राहायचंय. दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

मला इतका आनंद झाला की मी सुरी होती तशी परत ठेवून दिली आणि उरलेले सगळे बटाटे चुलीत भाजले. ती एक मासा घेऊन आली. बटाट्यांचा ढीग बघून म्हणाली, "आई, आज काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही. खा." आता ती बोलली तरी चालेल. उद्या मीच विषय काढणार आहे.

ता. १६, रविवार

सकाळी मी म्हटलं, "बोल काय बोलायचंय ते. लाकडं पुरेशी आहेत."

ती चुलीसमोर बसली होती. म्हणाली, "आई, आमचं मोडलंय."

"काय मोडलंय?" मी खरोखर ताडपत्रीच्या ओंडक्याकडे बघितलं.

"लग्न."

मग तिने सगळं सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी चिरंजीव कामासाठी गेलेच नव्हते. काम तिकडे आहे हे खरं, पण तिकडे कुणीतरी आहे, म्हणून काम मागून घेतलं. घटस्फोटाच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. मागच्या महिन्यात निकालही लागला. "त्याने सांगितलं, आईला तू सांग, तुझं ऐकते ती. मला रोज वाटायचं आज सांगू. तुम्ही रोज विचारायचात, तो कधी येतोय. मला जमलंच नाही हो."

खाकी पाकिटात तिच्या बदलीचा हुकूम होता. दूरचं गाव आहे, चोवीस तारखेला हजर व्हायचंय. तिने अर्ज करून मागितली होती बदली. मग म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. उगाच नाही म्हणत. खरंच नाही जाणार."

मी विचारलं, "सुरी यासाठी लपवलीस?"

तिने मान डोलावली. "घरी पोचलो असतो तर पुन्हा राहिलं असतं सांगायचं."

म्हणजे तिला सांगायला वेळ हवा होता. माझ्यापाशी राहायचं म्हणून ते केलं नव्हतं. काल सगळे बटाटे उगाच संपवले.

मला चिरंजीवांचा भयंकर राग आलाय. समोर असता तर या वयात थोबाडीत मारली असती. आणि हिच्याकडे बघवत नाही. आठ महिने, त्यातला शेवटचा महिना तर कायद्याने माझी कुणी नसताना, हिने मला सकाळची गोळी काढून दिली, दातांच्या डॉक्टरकडे नेलं, पस्तीस वर्षांचा पुरुष म्हणून बेटावर आणलं. एरवी वाक्यागणिक आई म्हणते, संध्याकाळपासून नुसतं 'अहो' म्हणून हाक मारत होती. शेवटी मी विचारलं, "आई म्हणायला काय झालं? ते होतं का त्या कागदांत?"

"नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही, आई."

उत्तर मी उद्या देते असं सांगितलंय. मला काय उत्तर द्यायचंय ते मला माहीत आहे. नको जाऊ. एवढंच म्हणायचंय, आणि म्हटलं तर ती राहील, हेही मला माहीत आहे.

ता. १७, सोमवार

सकाळी तोंड धुताना मी विचारलं, "त्या गावाला पाणी कसं आहे?"

"चौथ्या दिवशी येतं. गढूळ येतं."

"आणि तू गेल्यावर?"

तिने खरंच विचार केला. कॅनवरच्या रेघांकडे बघत म्हणाली, "वर्षभरात एक दिवसाआड करता येईल. नळ जुने आहेत, निम्मं वाटेतच गळतं. ते आधी बघायला हवं." मग ती गळतीबद्दल बोलत राहिली, हातवारे करत, पायाची पट्टी सुटल्याचं तिच्या लक्षात नव्हतं. आठ महिन्यांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग जा."

मोठ्या मनाने वगैरे म्हटलेलं नाही, हे इथे नोंदवते. म्हटलं आणि लगेच पस्तावले. वाटलं होतं ती निदान एकदा तरी आढेवेढे घेईल. तिने घेतले नाहीत. तिचे खांदे इतके खाली आले की ते इतके दिवस वर होते हे मला तेव्हा कळलं. ती आधी हसली आणि मग रडली. मला फार वाईट वाटलं आणि मी पट्टी पुन्हा बांधायला घेतली.

नाव आली. चादर पसरली. बेचाळीस वस्तू झाल्यावर तिने बुटात हात घातला, दोरा सोडला आणि सुरी चादरीवर ठेवली. "सुरी एक." मी उचलून म्हटलं, "सुरी एक." त्रेचाळीस भरले.

नाववाल्याने विचारलं, "कुठे मिळाली?"

"सामानात," मी म्हटलं.

त्याने तिच्या बुटाकडे बघितलं. थोड्या वेळाने लाकडांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे?" मी सांगितलं की ते आमचं नाही, इथलंच आहे.

ता. १८, मंगळवार

घरी. चिरंजीवांना फोन केला. म्हटलं, "तुझा निरोप मिळाला."

"कुठला?"

"जो तू बायकोच्या हाती पाठवलास."

तो खाकरला. मग म्हणाला, "आई, मी सांगणारच होतो."

"मग सांग."

सांगायला त्याला वीस मिनिटं लागली. अर्धं गाळून सांगितलं, पण स्वतः सांगितलं. मी त्याला मधे कुठलंही काम सांगितलं नाही. थोबाडीत मारायची म्हणून फोन केला होता, पण ऐकता ऐकता लक्षात आलं की हा अगदी माझा मुलगा आहे. भीती वाटली की दुसऱ्याला कामाला लावतो. मी त्याला माफ केलेलं नाही, तसं त्याला सांगितलंही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन कर, असंही सांगितलं.

ता. २२, शनिवार

सूनबाई सकाळी पावणेआठच्या बसने गेली. तिच्या दोन बॅगा आणि एक बादली. बादली कशाला, तिथे मिळते, असं मी म्हटलं, पण तिला ठाऊक असलेल्या मापाची बादली हवी होती. खिडकीतून म्हणाली, "आई, गोळ्या आठवडाभराच्या काढून ठेवल्यात. पुढच्या तुम्ही काढा." मी म्हटलं, "एकतीस वर्षं लोकांच्या काढल्या." बस सुटली.

मी ठरवलं होतं की घरी जाऊन रडायचं. पण स्टँडवरच्या बाकावरच सुरू झालं, सगळ्यांच्या समोर, आवाजासकट. शेजारी एक बाई पिशवी घेऊन बसली होती. तिने हळूच विचारलं, "मुलगी सासरी चालली का?"

"नाही. सासरहून."

"म्हणजे माहेरी?"

"नाही. पाण्याचे नळ दुरुस्त करायला."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलून बाकाच्या टोकाला सरकून बसली. त्यामुळे मला ऐसपैस जागा झाली आणि मी नीट रडून घेतलं.